सभा नसलेले द्यूत

मराठीत क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात, नाटकाचे आणि सर्कशीचे ‘खेळ’ होतात, पोर अंगणात खेळते आणि माणूस जुगारही खेळतो. मटक्याचा आकडा आपण ‘लावतो’, लॉटरीचे तिकीट ‘काढतो’, पैज ‘मारतो’. पण या सर्वांना पोटात घेणारा जो जुगार, तो मात्र खेळायचाच असतो. भाषेचे निम्मे व्यवहारज्ञान तर याच पटावरून उचललेले दिसते. फासे उलटे पडतात, मनासारखे दान पडते, अब्रू पणाला लागते, मांडलेला डाव मोडतो, हुकमाचा एक्का राखून ठेवला जातो. ज्ञानदेवांना आपल्या भाषेची थोरवी सांगायची होती तेव्हा त्यांनाही पैजेचाच आधार घ्यावासा वाटला. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती मोजल्या आहेत, त्यांत द्यूत आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण बलिप्रतिपदा म्हणतो, तिचेच दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती फासे खेळत बसले आहेत आणि खाली गणांनी नंदीला भंडावून सोडले आहे. तेव्हा जुगार हा कुठून तरी बाहेरून आलेला रोग आहे, असे म्हणण्याची सोय निदान आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना नाही.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या वर्गातली मुले. आम्ही ज्या तालुक्याच्या गावी शिकवतो तेथे कनिष्ठ महाविद्यालयाचे वर्ग आणि पदवीचे वर्ग एकाच इमारतीत भरतात. सोळा-सतरा वर्षांची पोरे दिवसभर डोळ्यांसमोर असतात. गेल्या काही वर्षांत यांतल्या कितीजणांनी पैसे लावून मोबाईलवर खेळ खेळले, याची मोजदाद आमच्याजवळ नाही आणि ती करणे आमचे कामही नव्हे. जे दिसले आणि ऐकले ते एवढेच की मधल्या सुट्टीत ‘टीम लावली का’ हा प्रश्न ‘डबा आणला का’ इतक्या सहजपणे विचारला जाई. आमचा प्रश्न नीतीचा नाही. नीतिपाठ देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा परिणामही सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला पडलेला प्रश्न वाङ्मयाच्या शिक्षकाला पडावा असा आहे. जुगाराविषयी इतके विपुल आणि इतके खरे बोललेली आपली परंपरा या पोरांपुढे ठेवली, तर त्यांना तिच्यात आपले तोंड दिसते काय?

प्रथमदर्शनी उत्तर ‘नाही’ असे येते. आपल्या वाङ्मयातला जुगारी हा बहुधा प्रपंची पुरुष असतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जो कितव बोलतो त्याला बायको आहे, सासू आहे, देणेकरी आहे. सासू त्याचा तिरस्कार करते, बायको त्याला दूर लोटते, आणि वसुलीवाले दारात आल्यावर आईबाप नि भाऊ सांगतात की याला आम्ही ओळखत नाही, खुशाल बांधून न्या. शेवटी सविता त्याला सांगतो की फासे टाकून दे आणि शेत नांगर. नल राजा आहे, दोन लेकरांचा बाप आहे. युधिष्ठिराच्या हाती तर अख्खे इंद्रप्रस्थ आहे. यांच्याजवळ हरण्याजोगे काही होते. बारावीतल्या पोराजवळ काय असते? बापाचा मोबाईल असतो, आणि त्या मोबाईलमध्ये बापाचे खाते असते.

पण जरा थांबून पाहिले की दुसरी एक गोष्ट ध्यानात येते, आणि आमच्या मते फरक वयाचा नसून तिथेच आहे. या सर्व द्यूतांना सभा आहे. अक्षसूक्तातला कितव आज जिंकेन का, असे मनाशी विचारीत जातो तो सभेतच. ‘मृच्छकटिका’त जुगाराच्या अड्ड्याचा जो चालक आहे त्याला नावच सभिक असे आहे. त्या नाटकाचा दुसरा अंक ज्यांनी शिकवला असेल त्यांना संवाहक आठवेल. दहा सुवर्णमुद्रा हरून तो पळतो आणि एका ओसाड देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे दोघे त्याला ओळखतात, पण पकडत नाहीत. त्याच्यासमोर बसून फासे टाकू लागतात. त्या खुळखुळण्याने मूर्ती पाघळते आणि खेळायला पुढे येते. वर्गात या प्रसंगाला नेहमी हशा मिळतो. अलीकडे मात्र तो हशा जरा लवकर थांबतो, असे आम्हांला वाटते. खिशातल्या मोबाईलच्या टुण्‌कन वाजण्याने काय होते हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळते. तरीही संवाहकाला मार खाताना पाहणारे लोक रस्त्यावर आहेत, त्याची बाजू घेणारा दर्दुरक आहे, आणि त्याचे देणे फेडायला हातातले कंकण काढून देणारी वसंतसेना आहे. तो हरला हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, म्हणून त्याला कोणी वाचवूही शकते.

कौटिल्याने तर ही सभा कायद्याने बांधून टाकली. द्यूत एका ठरलेल्या जागीच चालावे, त्यावर अध्यक्ष असावा, फासे त्याने पुरवावेत, जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा ५ त्याने घ्यावेत. त्याचा हेतू उदात्त मुळीच नव्हता. चोर आणि हेर हुडकायला जुगाराची जागा सोयीची असते, एवढाच त्याचा हिशेब. पण परिणाम असा की खेळणारा दिसत असे.

आणि आपल्या मराठी गद्याच्या उंबरठ्यावरच उभी असलेली कथा कशी विसरता येईल? लीळाचरित्रात श्रीचक्रधरांच्या पूर्वायुष्याचा जो भाग येतो, त्यात भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव द्यूतात हरतात आणि देणे भागवायला पत्नीजवळ, कमळाइसेजवळ, तिचे दागिने मागतात. ती नाकारते. त्या नकारातून जी विरक्ती उपजली ती पुढे रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने त्यांना घराबाहेर घेऊन गेली. महानुभाव पंथाच्या श्रद्धेचा विषय म्हणून त्याचे जे मोल आहे ते आहेच. त्याविषयी आम्ही बोलावे असे नाही. वाङ्मयाचा वाचक म्हणून आम्हांला तो नकार फार महत्त्वाचा वाटतो. हरलेला मनुष्य समोर येऊन मागतो, आणि समोरचे मनुष्य त्याच्या डोळ्यांत पाहून ‘नाही’ म्हणते. त्या एका शब्दासाठी दोघांना एका खोलीत असावे लागते.

आमच्या लहानपणी गावात मटका होता. मटक्याचा इतिहास आता बऱ्याच जणांना माहीत आहे. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर सट्टा चाले; ते भाव येणे १९६१ साली थांबले; मग कल्याणजी भगत आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर आणि पुढे पत्त्यांवर आकडे काढायला सुरुवात केली. गिरणगावात उगवलेला हा वेल एस.टी.च्या मार्गाने राज्यभर पसरला. आमच्या गावी स्टँडमागच्या पानाच्या टपरीवर आकडे घेणारा एक इसम बसे. ओपन, क्लोज, जोडी, पाना हे शब्द आम्ही व्याकरणाच्या संज्ञांआधी ऐकले. आमच्या वर्गातला एक मुलगा खाकी अर्ध्या चड्डीत, दप्तरासह, तिथे चार आणे लावायला गेला. त्या इसमाने चार आणे घेतले, चिठ्ठी दिली, आणि संध्याकाळी भाजी घ्यायला आलेल्या त्याच्या वडिलांना सांगून टाकले. तो सज्जन होता असे समजण्याचे कारण नाही. पैसे त्याने परत केले नाहीतच. गावात एकमेकांवर डोळे होते, त्याला त्याच गावात राहायचे होते, इतकेच. जत्रेत सोरट असे, तमाशाच्या तंबूमागे काळा-पिवळा असे, आणि तेथेही पोराच्या खांद्यावर मागून पडणारा कुणा काकाचा हात असे.

हे गतकाळाचे गोडवे नव्हेत. त्या मटक्याने किती संसार बसले हे गिरणगावातल्या आणि गावोगावच्या बायकांना विचारावे. सभा असली म्हणजे द्यूत निरुपद्रवी होते असे मानायला हस्तिनापूर काही सांगत नाही. भीष्मद्रोण तिथे बसलेच होते. आमचा मुद्दा त्याहून लहान आहे. सभेत हरलेला माणूस ‘हरला’ या गोष्टीला साक्षीदार असतो. त्याची कथा होऊ शकते.

मोबाईलवरचा खेळ रात्री अकरानंतर, पांघरुणात, आवाज बंद करून चालतो. बाजूला भाऊ निजलेला असतो. नोंदणीला १८ वर्षांची अट असते, म्हणून खाते आईच्या किंवा चुलतभावाच्या आधारवर निघते. खात्यातून पैसे वळवायला सांकेतिक आकडे येतात ते बापाच्या मोबाईलवर, आणि बापाचा मोबाईल हाताळणारा घरात एकटा मुलगाच असतो. संदेश वाचून दाखवणारा तोच, पुसून टाकणारा तोच. हरिपाळदेवांना दागिने मागावे लागले. येथे मागावे लागत नाही, त्यामुळे कोणाला नाकारताही येत नाही. हरल्यावर ओरडणारा शकुनी नाही, हसणारा कर्ण नाही. पडद्यावर एक आकडा शून्य होतो आणि खाली पुन्हा खेळण्याचे बटण उजळते. जाहिरातीत मात्र एक घोषणा असे, आर्थिक जोखमीची आणि सवय लागण्याची. २०२०च्या अखेरीस जाहिरात क्षेत्राच्या नियामक मंडळाने ती बंधनकारक केली होती. घाईतल्या भटजींनी संकल्प उरकावा तशी ती म्हटली जाई. वर्गातली काही पोरे ती एका दमात म्हणून दाखवीत, वृत्त साधल्यासारखी.

आणखी एक गोष्ट या नव्या खेळाने केली, ती मटक्याला कधी जमली नाही. मटका लावणारा स्वप्नात दिसलेला साप, मोटारीचा नंबर, साधूने पुटपुटलेला शब्द असल्या आधारावर आकडा लावी. आपण दैवाशी खेळतो हे त्याला कबूल होते. नव्या खेळांनी पोराला सांगितले की तुला खेळातले कळते, म्हणून तू जिंकशील. कौशल्य आणि दैव यांच्यातली ही रेघ आपल्या न्यायालयांत जुनी आहे आणि ती जिथून सुरू झाली ते ठिकाण आम्हा भाषावाल्यांना गंमतीचे वाटावे. सर्वोच्च न्यायालयाचा १९५७चा चमारबागवाला खटला शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांविषयी होता. पुढे त्याच न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग मोठा असल्याचे म्हटले, आणि या दोन निवाड्यांच्या आधाराने पैशांच्या मोबाईल-खेळांची अवघी बाजारपेठ उभी राहिली. कायद्याचा अर्थ कायदेपंडितांनी लावावा. पण सतराव्या वर्षी मुलाजवळ अभिमान बाळगण्यासारखे जे थोडे असते, त्यांत ‘मला क्रिकेट कळते’ हे बरेच वर असते. कोणता गोलंदाज कोणत्या खेळपट्टीवर चालतो हे तो खरोखरच जाणतो. त्याच्या ज्ञानाला कोणी तरी प्रथमच किंमत देऊ करीत असते, तीही ४९ रुपयांच्या प्रवेशात. दैवाने हरवले तर माणूस दैवाला शिव्या देऊन उठतो. आपल्या अकलेने हरवले तर अक्कल सिद्ध करण्यासाठी पुन्हा बसावे लागते. महाभारतालाही हा मोह माहीत आहे. नलाचे भले होते ते अक्षविद्या मिळाल्यावर, आणि वनवासात ही कथा सांगणारा बृहदश्व शेवटी ती विद्या युधिष्ठिरालाही देऊन जातो. विराटाघरी तो कंक होऊन राहतो तो फासे टाकण्यात निपुण असा सभासद म्हणूनच.

आता ज्या मुलामुळे हे लिहावेसे वाटले त्याच्याकडे येतो. २०२३ सालच्या दिवाळीनंतर आम्ही बारावीच्या वर्गाला, नेमलेल्या पुस्तकाबाहेरचा म्हणून, सभापर्वातला द्यूताचा भाग मराठी भाषांतरातून वाचून दाखवला. अंतिम सामना भारत हरून आठवडा झाला होता, वर्ग सुतकात होता. निदान त्यामुळे शांत होता. वाचून झाल्यावर सभेतल्या कोणाही एकाच्या तोंडून हा प्रसंग लिहा, असे सांगितले. मुलींपैकी बहुतेकींनी द्रौपदी घेतली. मुलांनी भीम घेतला. एकीने विकर्ण घेतला, कौरवांतला तो धाकटा, जो उठून बोलतो; तिचा कागद उत्तम होता. एका मुलाने अर्धेच पान लिहिले आणि तेही सभेतले नव्हे. द्रौपदीला वर मिळाले, धृतराष्ट्राने सर्व काही परत केले, पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले, आणि मागून प्रातिकामी बोलावणे घेऊन येतो, त्या वाटेवरचा युधिष्ठिर त्याने लिहिला होता.

अनुद्यूत हा भाग आपल्या स्मरणातून जवळजवळ गळालेला आहे. लहानपणी ज्या संक्षिप्त महाभारतांवर आम्ही वाढलो त्यांत दोन्ही द्यूते एकात मिसळून गेलेली असत. द्रौपदीची विटंबना आणि वनवास एकाच बैठकीतून निघाल्यासारखे वाटत. मुळात तसे नाही. मध्ये सर्वस्व परत मिळालेले आहे. राज्य, भाऊ, पत्नी, स्वतः, सगळे. आणि हा मनुष्य परत जातो, एका डावासाठी. पहिल्या द्यूताचे समर्थन करता येते. बोलावणे आले, क्षत्रियाला नाही म्हणता येत नाही. दुसऱ्याचे काय करायचे? टीकाकार दैव सांगतात, वडिलांची आज्ञा सांगतात, आणि स्वतः युधिष्ठिरही तेच सांगतो.

त्या मुलाच्या कागदावर यांतले काही नव्हते. त्याचा युधिष्ठिर रथात बसला आहे, भाऊ गप्प आहेत, आणि कोणी काही विचारीत नाही याचे त्याला बरे वाटते आहे. तो हिशेब करतो आहे. शकुनी दरवेळी जिंकू शकत नाही. जे परत मिळाले ते एकदा गेलेलेच होते, म्हणजे ते आता आपले नव्हे, वरकड आहे. त्यातले थोडे गेले तर काही गेले असे म्हणता येणार नाही. आणि मग एक वाक्य होते की मागून घोड्याच्या टापा ऐकू आल्या तेव्हा त्याला भीती वाटली नाही, मोकळे वाटले. ज्याने हे फक्त वाचले आहे त्याला असे लिहिता येत नाही, एवढे पंचवीस वर्षे वह्या तपासून आम्हांला कळते.

त्याला आम्ही काही विचारले नाही. कागद छान आहे असे म्हटले आणि उरलेले अर्धे पान कधी लिहिणार, असे विचारले. दोन दिवसांनी तो स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. घरी चार दुभती जनावरे, दुधाचे बिल दर दहा दिवसांनी वडिलांच्या खात्यावर. एप्रिलमध्ये आयपीएलच्या दिवसांत अठरा हजार गेले होते. मामाने कोणाला न कळू देता ते भरले आणि शपथ घेतली. म्हणजे सर्व परत मिळाले होते. दिवाळीत एका मित्राने रंग ओळखायचा खेळ दाखवला. लाल की हिरवा, दर अर्ध्या मिनिटाला एक डाव. त्यात क्रिकेट कळण्याचाही प्रश्न नव्हता. या वेळी बेचाळीस हजार. तो हे सांगत असताना आमच्या लक्षात आले की त्याला ‘हरलो’ हा शब्द वापरता येत नव्हता. ‘गेले’, ‘उडाले’, ‘बॅलन्स झीरो झाला’ असे तो म्हणे. क्रियापदे सगळी अकर्मक, कर्ता कोठेच नाही. सभापर्वात दर डावाला शकुनी ‘जिंकले’ म्हणतो, हा त्या प्रसंगाचा घोष आहे. युधिष्ठिर ‘हरलो’ म्हणत नाही, पुढचा पण सांगतो. वर्गात हे आम्ही शैलीचा विशेष म्हणून दाखवले होते.

वडिलांना सांगताना तुम्ही समोर असा, एवढे त्याने मागितले. वडील शनिवारी दुपारी आले. टोपी हातात घेऊन बाकावर बसले, मुलगा उभा. त्याने सांगितले, चार-पाच वाक्यांत. वडील संतापतील, हात उगारतील अशा बेताने आम्ही मध्ये खुर्ची ओढून बसलो होतो. तसे काही झाले नाही. ते बराच वेळ मुलाकडे पाहत राहिले आणि त्यांनी विचारले, “कुनाला हारलास?”

मुलगा म्हणाला, “ॲपला.”

“त्यो कोन?”

याला उत्तर नव्हते. मुलाजवळ नव्हते, आणि आमच्याजवळही नव्हते. त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. त्यांच्या अनुभवात पैसे हरणे म्हणजे ते कोणाच्या तरी हातात जाणे. त्या माणसाचे घर माहीत असते, त्याच्याकडे जाऊन हातापाया पडता येते, भांडता येते, निदान बाजारात तो दिसला की तोंड फिरवता येते. मग त्यांनी आणखी एक विचारले, जिंकणाऱ्याला तरी माहीत आहे का ते पैसे दुधाचे होते म्हणून. त्यानंतर ते उठले, आम्हांला नमस्कार केला, आणि मुलाला म्हणाले, “चल, धारंची येळ झाली.”

द्रौपदीने सभेला जो प्रश्न टाकला तो कायद्याचा होता. आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? सभेला उत्तर देता आले नाही. आपल्या १८७२च्या करार कायद्याने या प्रश्नाचे एक कोरडे उत्तर दिलेले आहे. पैजेचा करार शून्य आहे, आणि अज्ञानाला तर करार करण्याची पात्रताच नाही. जो स्वतःचा धनी नाही तो पण लावू शकत नाही. तत्त्व तेच. पण दावा लावायला प्रतिवादी लागतो, आणि त्या बापाला तो सापडला नव्हता. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की दैवाचे, चालवण्यावर आणि त्यांची जाहिरात करण्यावर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि मोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ लागलीच थांबवले. खेळणाऱ्याला त्यात गुन्हेगार मानलेले नाही, हे आम्हांला विशेष बरे वाटले. त्याच्या महिनाभर आधी आपल्याच विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाईलवर रमी दिसत असल्याची चित्रफीत गाजली होती. आपण खेळत नव्हतो, असे मंत्रिमहोदयांनी सांगितले. पुढे त्यांच्याकडचे कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आले. ‘खेळ’ या शब्दाची व्याप्ती आम्ही आरंभी सांगितली होती, तिला याहून चांगले उदाहरण कोशकारांना मिळणार नाही. मात्र आमच्या मुलाला बुडवणारा तो लाल-हिरवा खेळ असल्या कोणत्याही कायद्याची वाट पाहत बसणाऱ्यांपैकी नव्हता. त्याला पत्ता कधीच नव्हता. एक दुवा बंद झाला की मित्रांच्या गटात दुसरा येत असे.

मुलगा बारावी झाला, आमच्याकडेच बी.ए.ला आला. सुटले का, असे आम्ही त्याला विचारत नाही. तो मध्यंतरी दोनदा आपणहून सांगून गेला. एकदा बातमी चांगली होती, एकदा नव्हती. दुसऱ्या वेळी मात्र त्याने ‘हरलो’ म्हटले, आणि किती ते सांगितले. वडिलांनी साधा, बटणांचा मोबाईल घेतला आहे आणि दुधाच्या बिलाचा संदेश ते आता संकलन केंद्रावरच्या पोरीकडून वाचून घेतात. त्यामुळे घरचा जमाखर्च केंद्रावर सर्वांना माहीत झाला आहे, याचा मुलाला फार राग येतो.

वर्गापुरते बोलायचे तर आम्ही काही बदल केले आहेत. अक्षसूक्त शिकवताना सवित्याचा उपदेश शेवटी न ठेवता आईबापांच्या ‘याला आम्ही ओळखत नाही’ या उद्गारापाशी थांबतो आणि मुलांना बोलू देतो. मुली अधिक बोलतात, भावांविषयी बोलतात. संवाहकाचा अंक देवलांच्या नाटकातून नव्हे, मुळाच्या भाषांतरातून घेतो. आणि अनुद्यूत वेगळे शिकवतो. त्यासाठी दोन तासिका हव्यात असा अर्ज केला होता. वेळापत्रकात एकच बसते असे उत्तर आले. दुसरी शनिवारी, कॉलेज सुटल्यावर घ्यावी लागते. त्या वेळी चौकात दुधाची गाडी येते आणि निम्मा वर्ग दाराकडे पाहत बसलेला असतो.